वालातली होडी

सुंदराबाईला होडीचा तिटकारा होता, आणि ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती एकाच माणसाला, तिच्या नवऱ्याला. आपण बायकोला सुखात ठेवलं आहे अशी सहदेवची ठाम समजूत होती. नवऱ्यांच्या असल्या समजुती दूर करायला ब्रह्मदेवही धजत नाही.

तिचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथं पाणी म्हणजे झऱ्यावरून हंड्यानं वाहून आणायची वस्तू. लग्न होऊन ती महाडच्या खाली, सावित्रीच्या खाडीकाठी आली आणि दुपारच्या भरतीला नदी उलटी डोंगराकडे निघालेली बघून तिनं सासूला विचारलं, ‘ही बिघडली काय?’ सासू पोट धरून हसली. गावानं ते वाक्य पुढं कित्येक वर्षं चघळलं.

सहदेव मुंबईच्या बंदरात एका लाँचवर खलाशी होता. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, चार दिवस मिरवून परत जायचा. मागं सुंदराबाईनं शेत केलं, बैल हाकले, सासूसासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं, मुलगा मोठा केला. सोबतीला धाकटा दीर महादू आणि जाऊ काशीबाई होती. घर एक, चूल एक. नवरा नोकरी संपवून कायमचा घरी येणार असं कळलं तेव्हा तिला वाटलं, चला, आता दोघं पडवीत बसून निवांत चहा पिऊ. सहदेव आला तो बाणकोटकडून एक जुनी शिडाची होडी घेऊन.

‘आयुष्यभर तू हितं एकटी राह्यलीस गो,’ तो म्हणाला. ‘आता तुला फिरवतो.’

मनापासून म्हणाला, हीच तर पंचाईत. खोटं बोलला असता तर तिनं तिथंच तोंड सोडलं असतं.

मग दरसाल तेच सुरू झालं. भात कापून, झोडून घरात आलं की होडी पाण्यात जायची. बाणकोट, हरिहरेश्वर, केळशी, हर्णै. मासे धरायचे नाहीत, माल न्यायचा नाही, नुसतं भटकायचं. वैशाख सरता सरता माघारी यायचं, गावकऱ्यांकडून होडी वर ओढून घ्यायची आणि झावळ्यांनी शाकारून ठेवायची. गाव म्हणायचं, शेतकऱ्याच्या घरात हे काय भलतंच. त्यात गावाचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

होडीवर सहदेव निराळाच माणूस व्हायचा. घरी दोन शब्द बोलायला जिवावर यायचं, पण होडीवर पाय पडला की तोंडाचा पट्टा सुरू. मुंबईत ज्या ज्या तांडेलानं, म्हणजे बोटीवरच्या म्होरक्यानं, त्याला शिव्या घातल्या होत्या, त्या सगळ्या त्यानं जपून आणल्या होत्या. आता होडीवर दोनच माणसं. एक तांडेल झाला, तेव्हा उरलेलीनं शिव्या खायच्या हे ठरलेलंच. ‘तिथं बसू नको. मधी येऊ नको. दोराला हात लावू नको.’ सगळ्यात जास्त हेच. दोराला हात लावू नको. ज्या बाईनं नांगरटीला बैलजोडी एकटीनं हाकली होती, ती होडीच्या पोटात बसून भाकऱ्या थापायची आणि तळाला साचलेलं पाणी डब्यानं उपसायची. पोत्यासारखी चढवली आणि पोत्यासारखी उतरवली.

तिनं तेही सोसलं असतं. पण मागच्याच्या मागच्या हंगामात केळशीच्या समोर सहदेव छाती धरून फळ्यांवर आडवा झाला. वर शीड फडफडत होतं, खाली होडी स्वतःच्या मनानं चालली होती, आणि किनाऱ्यावरची माडाची झाडं लहान लहान होत होती. सुंदराबाईनं एक दोर ओढला, तर आडवी काठी फिरून तिच्या खांद्यावर बसली. दुसऱ्याला हात घालायची हिंमत झाली नाही. दुपारभर ती नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. शेवटी हर्णैच्या एका मच्छीमार बोटीला संशय आला आणि त्यांनी येऊन दोर टाकला. माणूस वाचला. मुंबईला नेऊन छातीत स्टेंट घातला. गावातल्या बायका भेटायला आल्या आणि म्हणाल्या, देवानं तारलं हो. सुंदराबाई मान हलवत राहिली. मनात म्हणाली, देवाला दोर ठाऊक असतील, मला नव्हते.

त्यानंतरचा हंगाम डॉक्टरनं बंद पाडला. होडी जमिनीवरच राहिली आणि फळ्या सुकून आक्रसायला लागल्या. लाकडाच्या होडीला पाणी नसलं की ती मरते. यंदाही ती पाण्यात पडली नाही तर चुलीत घालण्यापलीकडे तिचा उपयोग उरणार नव्हता. सहदेवला ते दिसत होतं, म्हणून तो पाऊस उघडल्यापासून उतावीळ झाला होता. डॉक्टर म्हणाला, ‘जपून जा.’ सहदेवनं त्यातलं ‘जा’ तेवढं ऐकलं.

‘आपण नको जाऊया यंदा,’ सुंदराबाई म्हणाली. एकदा नाही, अनेकदा म्हणाली. जेवताना म्हणाली, झोपताना म्हणाली, तो होडीच्या फटींत कापूस ठासत होता तेव्हा शेजारी उभी राहून म्हणाली.

‘तुला काय कळतंय,’ तो म्हणाला आणि कापूस ठासत राहिला.

तिनं मुंबईला सुहासला, मुलाला, फोन लावला. सुहास म्हणाला, ‘आई, पप्पा एन्जॉय करतायत ना, करू दे. तू पण चिल मार जरा.’ तिनं फोन ठेवला आणि त्या दिवशी भाकऱ्या अशा थापल्या की काशीबाई आतून बघायला आली, काय पडलं म्हणून.

आता इथली एक रीत सांगायला हवी. भात निघालं की रान मोकळं होतं. मग कुणाच्याही वावरातून कुणाचीही गुरं जावीत, गाडी जावी, होडी ओढून न्यावी, कुणी ब्र काढत नाही. पण त्याच ओलीवर वाल पेरला आणि त्याची दोन दलं वर आली, की ते वावर बंद. बांधावरून वळसा घालायचा. कडेला काटेरी फांदी रोवली नसली तरीही. उगवलेल्या दाण्यावर दुसऱ्यानं पाय देऊ नये, देईल त्याच्या घरात दाणा टिकत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात आणि कॉलेजात जाणारी पोरंही मुकाट वळसा घालतात. दोन हजार एकवीसच्या पुरात काठच्या होड्या वाहून गेल्यापासून सहदेव आपली होडी दोन वावरं वर, आंब्याखाली ओढून ठेवी. ती दोन वावरं महादू कसायचा आणि होडीची वाट म्हणून दरसाल रिकामी सोडायचा.

सहदेव तपासणीला आणि शिडाचं कापड आणायला मुंबईला गेला, तेव्हा सुंदराबाईनं मडक्यात राखेत ठेवलेलं आपलं कडव्या वालाचं बियाणं काढलं आणि महादूच्या पुढ्यात ठेवलं.

‘भावजी, यंदा खालच्या दोन्ही वावरांत वाल टाका.’

महादूनं बियाण्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. माणूस मंद नव्हता, नुसता गप्प होता. ‘वयनी, दादा मला फाडून खाईल.’

‘खाऊ दे.’

‘आणि इचारलं तर काय सांगू?’

‘पेरलं ते पेरलं, सांगा. माजं नाव काढू नका.’

बाई काय करत होती हे तिला पुरतं कळत होतं का? मला वाटतं, अर्धं कळत होतं. होडी अडेल एवढं कळत होतं. होडीबरोबर भावाभावांचंही अडेल हे लक्षात आलं नाही.

पंधरवड्यानं सहदेव नवं कापड खांद्यावर टाकून आला आणि थेट होडीकडं गेला. आंब्यापासून खाडीपर्यंत हिरवीगार दलं वर आलेली. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं महादूला अंगणात उभा केला आणि गाव ऐकेल अशा आवाजात विचारलं. महादू म्हणाला, ‘पेरलं ते पेरलं.’ मग जे सुरू झालं ते दहा-बारा दिवस संपलं नाही. सहदेवनं लहानपणापासूनचं सगळं उकरलं. मुंबईहून पाठवलेल्या घासावर जगलास म्हणाला. मी मेलो असतो तर बरं झालं असतं ना तुला, असंही म्हणाला. महादू मूग गिळून ऐकत राहिला. रोज सकाळी उठून वालाला फेरी मारायचा आणि शिव्या खाऊन घरी यायचा.

‘माजा नवरा तुमच्यापायी कुत्र्यासारखी बोलणी खातोय,’ काशीबाई चुलीपुढं म्हणाली. ‘मी सांगेन भावजींना एक दिवस.’

‘सांग,’ सुंदराबाई म्हणाली. पण काशीबाईच्या हातात तिनं आपल्या वाटणीची सगळ्यात मोठी भाकरी ठेवली, आणि काशीबाई त्या दिवसापुरती गप्प बसली.

सहदेव महाडला कोर्टात जाऊन एका वकिलाला भेटून आला. वकील म्हणाला, वहिवाटीचा दावा लावू, निकाल लागेल सावकाश. सहदेव म्हणाला, तोवर होडी काय म्हणेल? वकिलाकडं याला कलम नव्हतं. तसाच तो परत आला आणि पडवीत उभा राहून त्यानं एक घाव दोन तुकडे केले. दत्तजयंतीच्या उधाणाला होडी पाण्यात जाणार, मग वाल राहो न राहो. आणि हंगाम संपवून आलो की घराची वाटणी. मधी भिंत घालणार. महादूचं तोंड बघणार नाही.

ते ऐकून सुंदराबाईला सासू आठवली. तिनं मरताना दोघी जावांचे चार हात एकमेकांत दिले होते. त्यातले दोन तिचे होते. तेव्हाच तिनं बोलायला हवं होतं. बोलली नाही. तोंड उघडायची वेळ एकदा चुकली की पुढं दर दिवशी ते जड होत जातं.

गावात होडी उतरवायला कधी मजूर लावत नाहीत. हाक मारायची, माणसं येतात, खांदे लावतात, नंतर नारळ फोडून चणे-गूळ वाटायचा. सहदेव घरोघर हिंडला. सगळ्यांनी एकच सांगितलं, ‘काका, होडीला हात लावू, पण वालात पाय नाय टाकणार.’ शेवटी त्यानं महाडच्या नाक्यावरून टेम्पो भरून परकी माणसं आणली. त्यांना वालाचं काय सोयरसुतक.

दत्तजयंतीला दुपारी खाडी काठोकाठ भरत आली होती. होडीखाली ओंडके सरकवले होते, बांधांवर फळ्या टाकल्या होत्या, दोर बांधून माणसं उभी होती. गाव बांधावर जमलं होतं, तमाशाला तिकीट थोडंच असतं. वालाच्या कडेला महादू एकटा उभा होता, हाताची घडी घालून.

‘हो बाजूला,’ सहदेव म्हणाला.

महादू हलला नाही.

‘आजपासून मला भाऊ नाय,’ सहदेव म्हणाला. ‘आई असती तर तिनंच तुला हितं गाडला असता.’

महादूचं तोंड उघडलं. त्यानं वहिनीकडं पाहिलं आणि पुन्हा मिटलं. एवढं ऐकूनही मिटलं. सुंदराबाईला तेवढं मात्र सोसलं नाही. ती बांधावरून खाली उतरली, सरळ वालात जाऊन उभी राहिली, आणि गावातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला.

‘बियाणं माजं हाय,’ ती म्हणाली. ‘मी टाकायला लावलं. भावजींना एक शब्द बोलू नका आता.’

सहदेवला आधी ते समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला, की दोर धरलेल्या परक्या माणसांनीही माना खाली घातल्या.

‘का?’ तो म्हणाला.

‘केळशीला तुमी पडलात तवा मला शीड उतरवता येत नव्हतं. किनारा समोर दिसत होता आणि मला जाता येत नव्हतं. तुमचा हात गार पडत चालला होता आणि मी नुसती बसले होते. पोत्यागत. पुन्ना मला तसं बसायचं नाय.’

‘मंग बोलायचं होतंस.’

‘बोलले. वरीसभर बोलले. तुमी कापूस ठासत होतात.’

बांधावर कुणीतरी हसलं. ते हसू सहदेवला झोंबलं, आणि माणूस चारचौघांत खजील झाला की जे करतो तेच त्यानं केलं. जास्तच चढला. ‘मंग बस घरी,’ तो म्हणाला. ‘मला कुणाची गरज नाय. मी एकटा जातो. मेलो तर तिकडं मरतो.’

आणि तो जाणार होता. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला त्याच्या आवाजावरून एवढं कळतं. तो स्टेंट छातीत घेऊन एकटाच जाणार, समुद्रात कुठंतरी आडवा होणार, आणि या वेळी डोक्याखाली मांडीही नसणार. सुंदराबाईला इतका संताप आला की तिला रडूच येईना. असल्या माणसाचं करायचं काय? त्याला बांधून ठेवता येत नाही, सोडून देता येत नाही.

तिनं पदर खोचला, खाली वाकली आणि वाल उपटायला लागली.

‘येड्या झालात काय बाय?’ काशीबाई ओरडली.

‘माजं बियाणं, मी उपटीन. कुणाचा पाय पडायला नको.’ ती मान वर न करता म्हणाली. मूठ मूठ वाल उपटून ती बाजूला टाकत होती, होडीच्या रुंदीची पट्टी मोकळी करत, आणि प्रत्येक मुठीगणिक नवऱ्याला एकेक शेलका शब्द देत होती. तिला इतके शब्द येतात हे गावाला त्या दिवशी कळलं. होडीवर ऐकलेले होते, वाया कशाला घालवायचे. काशीबाईनं थोडा वेळ कपाळाला हात लावला, मग तीही खाली उतरली आणि दुसऱ्या कडेनं उपटायला लागली, तिच्याइतकीच बडबडत. सहदेव आंब्याखाली उभा होता.

पट्टी खाडीपर्यंत मोकळी झाली तशी बांधावरची माणसं खाली आली. आता वाट होती, वाल नव्हता. रीत राहिली होती. परक्या माणसांच्या मधे शिरून गावानं खांदे लावले, आणि सगळ्यात पुढं, ज्या कोपऱ्यावर सगळा भार येतो तिथं, महादूनं खांदा लावला. सहदेव त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

‘नीट धर, गाढवा,’ तो म्हणाला. ‘खांदा जाईल.’

महादूनं नीट धरलं. त्या दोघांमध्ये माफीच्या नावानं एवढंच झालं, आणि वाटणीचं पुढं कुणी काढलं नाही.

होडी पाण्यात पडली. वर्षभर सुकलेल्या फळ्यांतून पाणी आत झिरपायला लागलं, ते दोन-तीन दिवस झिरपणारच. सहदेव चढून पुढं गेला आणि डोलकाठीचे दोर सोडवू लागला. मागं होडी हलली म्हणून त्यानं वळून पाहिलं. सुंदराबाई चढली होती. कपड्यांचं गाठोडं नव्हतं, पिठाचा डबा नव्हता. अंगावरच्या चिखलानिशी ती सुकाणूपाशी, त्याच्या जागेवर बसली होती आणि सुकाणूची दांडी तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

‘ऊठ,’ तो म्हणाला.

‘नाय उठत.’

‘सुंदरे, ऊठ. ओहोटी लागंल आता.’

‘लागू दे. भावजी, दोर सोडा.’

महादूनं दादाकडं पाहिलं नाही. दोर सोडला. इतक्या दिवसांच्या शिव्यांची एवढी फेड त्याला पुरली असावी.

होडी काठापासून सुटली आणि समोरच्या चिखलातल्या तिवरांच्या झाडीकडं निघाली. सुंदराबाईला होडी डावीकडं न्यायची होती, म्हणून तिनं दांडी डावीकडं दाबली. होडी उजवीकडं वळून चिखलाकडं जास्तच जोरात निघाली. सहदेवच्या तोंडाशी शिवी आली. एका हातात शिडाचा दोर, मधे सामान पडलेलं, मागं पोचेपर्यंत होडी चिखलात रुतली असती. शिवी गिळून त्याला सांगावंच लागलं.

‘उलटं दाब गो. उलटं असतं ते. उजवीकडं दाब म्हंजी डावीकडं जाईल.’

‘बैल तर कासरा ओढंल तिकडं जातो.’

‘हा बैल न्हवं. दाब.’

तिनं दाबलं. होडी थोडी अडखळली, मग तोंड फिरवून खाडीच्या मध्यात आली. काठावर पोरांनी शिट्ट्या मारल्या. ‘आता सोड जरा. एवढं नको. हां. धर तसंच,’ सहदेव सांगत होता. इतकी वर्षं जे एकदाही सांगितलं नव्हतं ते आता चिडून, ओरडून, कपाळ बडवत सांगत होता. ती दातओठ खाऊन ऐकत होती. वळण आलं, गाव मागं दिसेनासं झालं. वारा बरा होता. सहदेवनं नवं शीड चढवलं, ते भरलं, आणि फळ्यांखाली पाणी पळायला लागलं. त्याच्या चेहऱ्यावर बाणकोटकडून होडी घेऊन आला होता त्या दिवशीचा आनंद परत आला.

‘आता सांगा,’ सुंदराबाई म्हणाली, ‘शीड पाडायचा दोर कुठला?’

‘आत्ताच चढवलंय. पाडायचं कशाला?’

‘कुठला?’

त्यानं वैतागून डोलकाठीवरून मागं आणून तिच्या पुढ्यातल्या खुंटीला गुंडाळलेला दोर दाखवला. ‘ह्यो. दोन वेढे काढायचे आणि सोडून द्यायचा. पण आता हात लावू नको.’

सुंदराबाईनं दांडी काखेत धरली, वाकून हात लांब केला, दोन वेढे काढले आणि दोर सोडून दिला. शीड सरसर खाली आलं आणि सबंध सहदेवच्या अंगावर पडलं. होडीचा वेग गेला, ती संथ झाली. कापडाखालून मुंबई बंदरातल्या साऱ्या तांडेलांच्या शिव्या एकामागून एक बाहेर येत राहिल्या. सुंदराबाईनं त्या संपेपर्यंत वाट पाहिली. होडी सरळ धरून ठेवली होती.

मग कापडातून सहदेवचं डोकं बाहेर आलं.

‘आता मेलात तरी चालंल,’ ती म्हणाली.